तुम्ही विचारलंत म्हणून: अनंताला मी काय घालते

“तुमच्या अनंताला एवढ्या कळ्या येतात, मातीत कुठलं खनिज घालता ते एकदा सांगून टाका ना.” गच्चीवर आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. “फारसं काही नाही” म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, ही लपवतेय. मी काहीही लपवत नाही. तुम्हाला एका पुडीचं नाव हवं असतं आणि माझ्याकडे तसं नाव नाही.

पुण्याची माती काळ्या दगडाची, बेसॉल्टची. तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सगळं आहे. पण तिचा सामू, म्हणजे पीएच, माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, साडेसात-आठच्या घरात, आणि अनंताला हवा साडेपाच-सहाच्या आसपास. सामू चढला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. वाढलेलं ताट समोर आणि हात बांधलेले, अशी झाडाची गत होते. त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रोज घातलं, की कुंडीतला चुना वाढतच जातो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या अनंताचं हेच झालं. सावंतवाडीहून, तिच्या सासरच्या परसातून गुटी बांधून आणलेलं झाड. तिथल्या जांभ्याच्या आम्ल मातीत मूळ झाड पावसाळाभर फुलतं, त्याला कोणी काही घालत नाही. ही राहते वाघोलीत, पाणी टँकरचं. पानं पिवळी पडायला लागल्यावर एका नर्सरीवाल्याने तिला एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट दिलं, दर आठवड्याला चमचाभर. पिवळेपणा वाढला तसा चमचा मोठा झाला. मग शेजारच्या काकूंनी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट सांगितलं.

मी गेले तेव्हा झाडाकडे नीट बघितलं. खालची जुनी पानं गर्द हिरवी. शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यांच्यावर शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसत होती. मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह झाडाला असं फिरवता येत नाही, म्हणून शेंडा पिवळा पडतो. म्हणजे ज्याची कमतरता नव्हती तेच बिचारी ओतत बसली होती. कुंडीच्या काठावर पांढरा थर होता. वरची माती हिराकसाने गंजाच्या रंगाची झाली होती. चुनखडीच्या मातीत ते लोह मुळांपर्यंत पोचण्याआधीच गंजून बसतं. मी मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. फस्स करून फेस आला. चुना.

मी हे सगळं तिला समजावून सांगत होते. ती गप्प होती, आणि मग म्हणाली, “म्हणजे ताई, मीच मारलं म्हण ना.”

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तिने जे केलं ते प्रेमाने केलं, विचारून केलं, पैसे देऊन केलं. माझा राग त्या “पिवळं दिसलं की एप्सम” या सल्ल्यावर आहे, जो पान न बघता दिला जातो. आम्ही माती बदलली: तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, थोडं गंधक. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्याला महिने लागतात. मधल्या काळासाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह. दुकानात सहज मिळणारं ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही. मुख्य फांदी गेलीच. बाजूची एक तगली, तिची नवी पानं हिरवी आहेत. कळ्या मात्र अजून गळतात. क्षारांमुळे, की वाघोलीच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे, सांगता येत नाही.

म्हणून मी खनिजांच्या विरोधात आहे, असं कोणी समजू नये. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या कुंडीत एप्सम सॉल्ट खरोखर उपयोगी पडतं, कारण कोकोपीट मॅग्नेशियम आणि कॅल्शियम स्वतःकडेच धरून ठेवतं, झाडाला कमी पडतं. जास्वंदीला मी सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत देते आणि बोनमील, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेला हाडांचा चुरा, टाळते. जास्त स्फुरदाने तिचं लोह आणखी अडतं. पूर्वी मी ठामपणे सांगायचे की शेणखत आणि गांडूळखत पुरे, बाकी सगळा बाजार. त्या मताशी माझं अजून भांडण चालू आहे. जमिनीतल्या झाडापुरतं ते मला आजही पटतं. पण कुंडी रोज धुतली जाते, तिच्यातलं निघून जातं ते कुठून तरी परत यायलाच हवं. मग वाटतं, ते शेणखतातून का येऊ नये? तिथेच अडते.

माझ्या अनंताला मी पावसाचं साठवलेलं पाणी घालते. ते संपलं की नळाचं. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. तुमच्याकडे काय घालावं, हे विचारायचं असेल तर शेंड्याचं पान आणि खालचं पान, दोन्हींचे फोटो पाठवा, आणि पाणी कुठलं ते आधी लिहा.