डोळे सावलीत

स्वतःचं चित्र काढायला आरशासमोर बसलेला माणूस आधी केसांवरून हात फिरवतो, मग तोंडावर भरपूर उजेड घेतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६२८ च्या सुमारास, ऐन बाविशीत, यातलं काहीच केलं नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली त्याच्या या आत्मचित्राची लाकडी फळी जेमतेम २२.६ बाय १८.७ सेंटिमीटर, शाळेच्या वहीएवढी. उजेड खांद्यामागून येतो आणि मान, कानाची पाळी, एक गाल एवढ्यालाच चाटून जातो. डोळे सावलीत. गडी बघतोय तरी कुठे, म्हणून आपणच मान पुढे काढतो.

केसांजवळ बारीक ओरखडे दिसतात. रंग ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने ते ओढलेत. खालचा फिका थर उघडा पडून त्याच्या कुरळ्या बटा झाल्यात. रंग वाळल्यावर हा उद्योग केला तर खपल्या निघतात.

डोळे झाकण्यात एक फायदाही आहे. आरशात टक लावून पाहिलं की डोळे वटारले जातात; कितीतरी आत्मचित्रं उगाच रागावलेली दिसतात ती त्यामुळे.

घरी असा उजेड हवा तर एकच खिडकी उघडी ठेवावी, तिचा खालचा अर्धा भाग झाकावा आणि ट्यूबलाइट बंद करावी. ती चालू राहिली की नाकाला दोन सावल्या पडतात आणि मूड गेलाच. उजेड समोरून घेतला तर कॅनव्हास खिडकीकडे पाठ करून उभा राहतो. त्या अंधारात कालवलेला रंग बाहेर नेला की भलताच फिका निघतो. उत्तरेची खिडकी उत्तम, हा युरोपातला धडा. पण मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य उत्तरेच्याच अंगाने फिरतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याच खिडकीतून तिरपा कवडसा आत शिरतो. जूननंतर ढगांची कृपा.

आरसा तर पक्का लबाड. कितीही मागे सरका, काचेवर बोटाने चेहऱ्याची कड काढली तर ती खऱ्याच्या निम्मीच भरते. शिवाय उजव्याचं डावं. लंडनच्या केनवुड हाउसमधलं रेम्ब्रांटचं उतारवयातलं आत्मचित्र क्ष-किरणांखाली पाहिलं, तेव्हा पॅलेट आणि ब्रश आधी आरशातल्यासारखे उलट्या बाजूला होते आणि नंतर बदलले, हे उघड झालं. चेहऱ्यावर जाड, खडबडीत रंग आहे. पॅलेट धरलेल्या हाताच्या जागी मात्र नुसते चार-सहा फटकारे.