ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं

पंखा फिल्टरच्या पाइपला अंग घासत होता आणि मी ते कौतुकानं बघत होते. एकदम वेग घ्यायचा, तिरकं होऊन पाइपला घासून जायचं, वळून परत यायचं. लेकीला हाक मारून दाखवलंसुद्धा, ‘बघ, कसा खेळतोय.’ पंखा म्हणजे आमचा चार वर्षांचा एंजल मासा. उभे लांब पर बघून तिनंच हे नाव ठेवलेलं. तो खेळत नव्हता, त्याला खाज सुटली होती. हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले.

चारच दिवसांपूर्वी मी दोन काळ्या मॉली आणल्या होत्या. पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, तापमान जुळलं आणि मासे सोडून दिले. नवे मासे आधी वेगळ्या पाण्यात ठेवायचे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण चार वर्षांत कधी काही झालं नव्हतं, आणि काही झालं नाही की माणूस स्वतःला जाणकार समजायला लागतो.

दोन दिवसांनी लेक म्हणाली, ‘आई, पंख्याला पुरळ उठलंय.’ शेपटीवर आणि वरच्या परावर मिठाचे कण चिकटावेत तसे बारीक पांढरे ठिपके. मोजले तर अकरा भरले. व्हाइट स्पॉट. मासे पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची या आजाराशी कधी ना कधी गाठ पडते. तेव्हा आठवलं की दोन दिवस त्याचे कल्लेही भराभर हलत होते. हा परजीवी कल्ल्यांतही शिरतो आणि तिथला ठिपका आपल्याला दिसत नाही. दम आधी लागतो, पुरळ मागून दिसतं.

मॅलाकाइट ग्रीनचं औषध आणलं. बाटलीवर लिटरमागे किती थेंब ते लिहिलं होतं. टँक 90 सेंमी लांब, 38 रुंद, 45 उंच, म्हणजे 154 लिटर. त्या हिशेबानं थेंब टाकून मोकळी झाले. आत दहा किलो खडी, लाकडाचा ओंडका, दगड, आणि वर चार बोटं रिकामी जागा, हे लक्षातच घेतलं नाही. नंतर एकदा पाणी बादल्यांनी मोजून भरलं तेव्हा कळलं, खरं पाणी 125 लिटरच्या आसपास होतं. म्हणजे सुरुवातीलाच जवळपास पावपट औषध जास्त झालं. हे औषध असं सढळ हातानं टाकण्यातलं नाही.

पण त्या दिवशी माझ्या एका चुकीनं दुसरी चूक झाकली. संध्याकाळी हिरवंनिळं झालेलं पाणी सकाळी काचेसारखं स्वच्छ. औषध माशांच्या अंगी लागलं, असं समजून मी खूश. मैत्रिणीला फोन केला. ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं मासे पाळतेय. तिचा पहिला प्रश्न, ‘अगं, फिल्टरमधला कार्बन काढलास का?’ नव्हता काढला. कार्बनचं कामच पाण्यातली रसायनं ओढून घ्यायचं. रात्रभर त्यानं सगळं औषध इमानेइतबारे गिळून टाकलं होतं.

कार्बन काढला, या वेळी नीट मोजून औषध टाकलं. तिसऱ्या दिवशी पंख्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. मी पाणी बदललं, कार्बन परत लावला, औषधाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली.

आणखी तीन दिवसांनी सकाळी दिवा लावला आणि पोटात गोळा आला. सगळ्या सहा माशांच्या अंगावर ठिपके. काळ्या मॉलींवर ते इतके उठून दिसत होते की वाटावं कुणी पीठ चाळलंय. पंख्याचे पर मिटलेले, आणि तो हीटरच्या मागे कोपऱ्यात तोंड करून उभा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हा आजार नेमका काय आहे ते नीट वाचलं. हे आधी करायला हवं होतं. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हे त्याचं नाव. अर्थ साधारण ‘पुष्कळ पोरांची, माशांची ऊ’. 1876 मध्ये हे नाव ठेवणाऱ्यानं सगळी गोष्ट दोन शब्दांत सांगून टाकली होती. ऊ वगैरे ती नाही, एकच पेशी असलेला जीव आहे. पण पोरांबद्दल मात्र शंभर टक्के खरं.

माशाच्या कातडीखाली बसून तो खातो आणि फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हा. वरून कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुरता वाढला की तो स्वतःहून माशाला सोडतो, तळाशी खडीत जाऊन चिकट वेष्टनात बसतो आणि आत त्याचे तुकडे पडत जातात. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत. मग ती पिल्लं बाहेर पडून पोहत सुटतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, वेष्टनातल्यालाही नाही.

म्हणजे तिसऱ्या दिवशी ठिपके गेले ते औषधानं गेलेच नव्हते. ते पिकून गळाले होते. ते सगळे खडीत बसून पिल्लं घालत होते आणि नेमकं त्याच वेळी मी औषध काढून घेतलं. जे दिसत होतं त्यावर माझं लक्ष होतं, आणि औषधाचं काम होतं न दिसणाऱ्यावर.

दुसऱ्या फेरीत मी रस्ता बदलला. फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू असतात, औषधानं त्यांना धक्का बसेल ही काळजी होती, म्हणून औषधाऐवजी उष्णता, मीठ आणि रोजचा सायफन एवढंच करायचं ठरवलं. एंजल आणि मॉली दोघांनाही हे सोसतं म्हणून जमलं. कॅटफिश किंवा लोच जातीचे मासे असते तर मिठाचा हात आखडता घ्यावा लागला असता. पाणी कोमट झालं की परजीवीचं चक्र भराभर फिरतं. थंड पाण्यात ज्याला कित्येक आठवडे लागतात ते 25 अंशांच्या आसपास आठवड्याच्या आत उरकतं. 30 अंशांना तर त्याची पैदासच बहुधा अडखळते. 26 वरून 30 वर मी दोन दिवसांत नेलं, बारा तासांना एक अंश.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले तर सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडं लावून उभे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. आकड्यांत फरक फार वाटत नाही. पण उष्णतेनं माशाची भूक वाढते ती प्राणवायूचीच, आणि इथे कल्ले आधीच पोखरलेले. एअर स्टोन माझ्याकडे होता, खणात. ‘बुडबुड्यांचा आवाज येतो’ म्हणून बंद करून ठेवलेला. रात्री दोन वाजता तो शोधून लावला, पाण्याची पातळी चार बोटं उतरवली म्हणजे फिल्टरची धार खळखळून पडेल, आणि स्टूल घेऊन समोर बसले. अर्ध्या तासानं मासे खाली उतरले. तो आवाज आता मला गोड वाटतो.

मीठ लिटरमागे 2 ग्रॅम धरलं, म्हणजे एकूण पाव किलो. टँकचंच पाणी मगमध्ये घेऊन त्यात पुरतं विरघळवलं आणि दीड दिवसात तीन हप्त्यांत घातलं. पोहणाऱ्या पिल्लांना मीठ मानवत नाही. माशालाही त्याचा वेगळा फायदा होतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सारखं शिरत असतं आणि क्षार बाहेर जात असतात. कातडीला भोकं पडली की ही गळती वाढते. पाण्यात थोडं मीठ असलं की त्याची ओढाताण कमी होते. झाडांना मात्र ते झेपलं नाही. व्हॅलिस्नेरियाची लांब पानं आठवड्यात गळून गेली.

मग रोज संध्याकाळी सायफन. खडीत नळी खुपसून तळाचं पाणी ओढायचं, कारण वेष्टनातली पिलावळ तिथेच. रोज साधारण 37 लिटर पाणी बाहेर, तेवढंच क्लोरीन घालवलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी आत. त्या नव्या पाण्यापुरतंच मीठ, म्हणजे 75 ग्रॅमच्या आत-बाहेर. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याला मीठ घालायचं नाही, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. ही खूणगाठ मी कागदावर लिहून टँकच्या काचेला चिकटवली होती. थकल्यावर माझा स्वतःवर भरवसा नसतो.

तिसऱ्या दिवशी नव्या मॉलींपैकी एक गेली. बाहेर काढली तेव्हा तिच्या अंगावर आदल्या रात्रीपेक्षा ठिपके कमी होते, आणि ते पाहून अंगावर काटा आला. मासा मेला की परजीवी त्याला सोडून निघतात. म्हणून मेलेला मासा क्षणभरही आत ठेवायचा नाही. तिच्यासाठी वाईट वाटलंच, पण आधी हातात सायफन घेतला होता.

पाचव्या दिवशी चाचणीच्या नळीत थेंब टाकले तर रंग पिवळ्याऐवजी हिरवट. अमोनिया लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम, असायला हवा शून्य. आधीच्या औषधानं जिवाणूंना धक्का बसला असणार. पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी वाटा जास्त, आणि आमचं पाणी तर 30 अंशांना. खाणं एक दिवसाआड केलं, तेही चिमूटभर. तसंही पंखा काही खात नव्हता. दाणा त्याच्या तोंडासमोरून खाली जायचा आणि तो बघतही नसे. रोज बदललेल्या पाण्यानं अमोनिया चार दिवसांत शून्यावर आला.

शेवटचा ठिपका सातव्या दिवशी गेला. आणि खरं अवघड तिथून पुढे होतं. मासे ठणठणीत दिसत होते, माझे खांदे भरून आले होते आणि घरातली एक बादली कायमची टँकच्या सेवेत गेली होती. लेक रोज विचारायची, ‘आई, बरा झालाय ना आता? मग अजून कशाला?’ तिला खडीतल्या पोरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘म्हणजे आपण कोणीच नसताना पाणी बदलतोय?’ मी म्हटलं, ‘आहे की नाही तेच माहीत नाही, म्हणून बदलतोय.’ शेवटच्या ठिपक्यानंतर आणखी दहा दिवस मी 30 अंश, मीठ आणि सायफन सोडला नाही. आठव्या दिवशी पंख्यानं पहिल्यांदा वर येऊन माझ्या बोटाजवळचा दाणा ओढला. त्याही दिवशी पाणी बदललं.

त्यानंतर पाण्याबरोबर मीठ हळूहळू उतरवलं, तापमान अंशाअंशानं खाली आणलं. सहापैकी पाच वाचले. पंख्याच्या वरच्या पराला एक खाच राहिली आहे, ती भरली नाही. टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉनही त्या औषधानं निळसर झालंय, कितीही घासा, जात नाही.

आता शेल्फच्या खालच्या कप्प्यात तीस लिटरचा छोटा टँक आहे. त्याची जाळी वेगळी, सायफनची नळी वेगळी. त्याचा स्पंज एरवी मोठ्या फिल्टरमध्येच ठेवते, म्हणजे जिवाणू तयार असतात. जो येईल त्याचा चार आठवडे मुक्काम तिथे. अजून कोणी आलेलं नाही.

परवा पाणी बदलल्यावर पंख्याच्या अंगावर तीन पांढरे ठिपके दिसले. मी टॉर्च आणला, स्टूल आणलं, खुणेची वही काढली. काचेला नाक लावून दहा मिनिटं बघत बसले. मग त्यातला एक सुटला आणि सरळ वर गेला. हवेचे बुडबुडे होते.