पॅचचा भाव टाक्यावर

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी मशीन आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता ब्लाउजवर मोर काढत बसणार. काढलेच. पण लग्नसराई सरली की मोर बसून राहतात. वर्षभर चालतो तो पॅच. शाळेचा बिल्ला, भजनी मंडळाच्या टोपीवरचा विठोबा, टिपेश्वर अभयारण्याच्या गाईड लोकांच्या शर्टावरचा वाघ. आणि शंकरपट, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती! २०२३च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून पटवाल्यांचा जोर वाढलाय. बैलजोडीचं नाव सगळ्या पोट्ट्यांच्या टी-शर्टावर पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मशीन पीएमईजीपीतून, म्हणजे धंद्यासाठी कर्ज-अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून घेतली. खेड्यातल्या बाईला त्यात स्वतःचे ५ टक्के भरावे लागतात आणि अनुदान ३५ टक्के. ऐकायला गोड आहे, पण अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं. बाकी कागदपत्रांचं काय सांगायचं, ज्याने त्याने भोगायचं असतं ते.

खरी कसरत भाव सांगताना झाली. "ताई, एवढासा तर आहे, दहा रुपयांत नाही होत काय?" हे मला अजूनही ऐकावं लागतं. गिऱ्हाईक आकार बघतं, मशीन टाके मोजते. माझी मशीन मिनिटाला सातशे टाके घालते. पण दोरा तुटणं, रंग बदलणं, फ्रेम चढवणं धरलं तर तासाला पंचवीस हजार टाक्यांच्या वर हिशोब लावू नये. तीन इंची गोल पॅचमध्ये नुसती अक्षरं असतील तर पाच हजार टाक्यांत भागतं. त्याच गोलात मागची जमीनही दोऱ्याने भरून वाघाचं तोंड काढलं की चौदा हजार. म्हणजे एका तासात अक्षरांचे पाच होतात, वाघाचे दोनही पुरे होत नाहीत. हे तोंडी सांगून कोणाला पटत नव्हतं. मग दोन्ही पॅच टेबलावर मांडून ठेवले, मागच्या बाजूला टाक्यांचा आकडा पेनने लिहून. कापूस काही गाठोडं बघून विकत नाही आपण, काट्यावर घालतो. तसा पॅचचा काटा म्हणजे टाके. कास्तकाराला हे एका झटक्यात कळलं. मास्तर लोकांना जरा वेळ लागला.

पंचिंग, म्हणजे चित्राचे मशीनला कळतील असे टाके कॉम्प्युटरवर बसवणं, मी स्वतः करत नाही, नागपूरच्या एका मुलाकडून करून घेते. तो मशीन वाचते ती डीएसटी फाइल पाठवतो. त्याचे पैसे मी गिऱ्हाईकाकडून एकदाच, वेगळे घेते. पुढच्या ऑर्डरला फक्त टाक्यांचा भाव. पंचिंग कच्चं असेल तर गोल पॅच अंडाकृती निघतो, कारण टाका कापडाला आपल्याकडे ओढतो. ती ओढ धरूनच आकृती थोडी रुंद काढावी लागते, आणि वरच्या भरणीखाली आधार म्हणून विरळ टाके टाकावे लागतात.

लोक व्हॉट्सॲपवर अख्खा लेटरहेड पाठवतात. ब्रीदवाक्य, नोंदणी क्रमांक, स्थापनेचं साल, सगळं तीन इंचांत बसवा म्हणतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर दोऱ्यात वाचता येत नाही, देवनागरीत तर वेलांट्या-मात्रा एकमेकींत गुंततात. एका संस्थेच्या अध्यक्षांनी नोंदणी क्रमांकासाठी बराच हट्ट धरला. शेवटी एक नमुना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काढून हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाले, "राहू द्या नंबर."

कापड पॉलिस्टरच घेते. काठावर दाट टाक्यांची किनार घालून बाहेरचं कापड सोल्डरिंगच्या गरम टोकाने कापलं की कड वितळून बंद होते. सुती कापड वितळत नाही, त्याचे धागे निघत राहतात. मागे इस्त्रीने चिकटणारी फिल्म लावते, पण शाळेच्या युनिफॉर्मला चार टाके घालाच असं सांगते. रोजच्या धुण्यात नुसती फिल्म टिकत नाही.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे बिल्ल्यांचं काम ऐन उन्हाळ्यात येतं आणि लाईन तेव्हाच जाते. मशीन थांबली तो टाका तिच्या लक्षात राहतो. परत सुरू करताना दहा-पंधरा टाके मागे घ्यायचे, नाहीतर मधे फट दिसते. अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी फ्रेम चढवत नाही, पाहुण्यातला असला तरी.

आता आदिलाबादच्या एका हॉटेलवाल्याला वेटरांच्या शर्टासाठी पॅच पाहिजेत. आम्हाला नागपूरपेक्षा आदिलाबाद जवळ. पण ते तेलंगणात! राज्यातल्या राज्यात माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, राज्याबाहेर माल पाठवायचा तर पहिल्या ऑर्डरपासून लागतो. नंबर घेतला की धंदा होवो न होवो, रिटर्न भरावंच लागतं, वर सीएची फी. एका हॉटेलच्या कामात ते परवडत नाही. त्याला म्हटलं, तिकडची आणखी दोन-चार कामं जमव, मग नंबर काढते. तो लागलाय शोधायला.