सॅमो हंग क्रमाने पाहताना : 1977 ते 1989

मंडळी, सॅमो हंगचे सिनेमे क्रमाने पाहून नोंदी लिहिताना गेल्या वेळी मी 'एंटर द ड्रॅगन'पाशी थांबले होते. त्या 1973च्या सिनेमात अगदी सुरुवातीला ब्रूस लीसमोर एक गुबगुबीत गडी उभा राहतो, थोडा वेळ झुंजतो आणि हात पिळला गेल्यावर हार मानतो. तोच सॅमो, हाँगकाँगच्या मारधाडपटांचा नट आणि पुढे दिग्दर्शक. पुढचा टप्पा म्हणजे त्याने स्वतः दिग्दर्शन करायला घेतल्यापासूनची बारा वर्षं. ती उरकायला मला चार महिने लागले. सगळे सिनेमे मिळाले नाहीत, पण महत्त्वाचे बहुतेक झाले.

पद्धत आता पक्की झाली आहे. प्रत्येक मारामारी तीनदा पाहायची. एकदा जशी आहे तशी, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा फक्त मार खाणाऱ्यावर नजर ठेवून. ही तिसरी फेरी मी हौस म्हणून सुरू केली होती, पण आता तीच मुख्य झाली आहे. सॅमोच्या सिनेमात मार खाणारा नुसता मागे पडत नाही. टेबलाच्या कडेवर कंबर आपटून, अर्धा गरका घेऊन तो पडतो आणि उठताना त्याचा तोल गेलेलाही दिसतो. लाथ मारणारा कितीही देखणा असो, ती लागली हे आपल्याला खाणाऱ्याच्या अंगावरूनच कळतं.

हे कुठून आलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. सॅमोचा जन्म 1952चा. नवव्या वर्षाच्या सुमारास त्याला हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय आणि कसरतींचं पारंपरिक चिनी नाटक) शाळेत टाकलं आणि पुढची सात वर्षं तो तिथेच राहिला. पहाटेपासून कोलांट्या, तासन् तास हातांवर उभं राहणं, चुकलं की छडी. 'सेव्हन लिटिल फॉर्च्युन्स' या मुलांच्या संचात तो थोरला, जॅकी चॅन आणि युएन बियाओ धाकटे. पुढे सिनेमाच्या सेटवर सगळे त्याला 'मोठा भाऊ' म्हणू लागले. जॅकीलाही लोक 'मोठा भाऊ' म्हणू लागले आणि दोघे एकाच सेटवर आले, तेव्हा सॅमो 'मोठ्या भावाचा मोठा भाऊ' झाला. किशोरवयात दुखापतीमुळे अंथरुणाला खिळला असताना त्याचं वजन वाढलं आणि ते तसंच राहिलं. 'सॅमो' हे नाव मात्र चिनी चित्रकथेतल्या डोक्यावर तीनच केस असलेल्या सानमाओ या मुलावरून पडलेलं आहे.

आई एकदा मागून जाताना थबकली आणि म्हणाली, "अगं, एवढ्या अंगाचा माणूस असा हलका कसा पडतो?" पडण्याबद्दल विचारलं तिने, उडीबद्दल नाही. मला फार आनंद झाला.

आता एक दुरुस्ती. पहिल्या नोंदीत मी सॅमोला 'विनोदी फायटर' असं लिहून मोकळी झाले होते. ते मागे घेते. 'एंटर द फॅट ड्रॅगन' (1978) पाहून तसं वाटणं साहजिक आहे. त्यात तो ब्रूस लीचा भक्त असलेला, गावात डुकरं पाळणारा साधा माणूस आहे आणि नकला इतक्या अचूक करतो की आपण हसतो आणि थक्कही होतो. 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड' (1980) मध्ये मांत्रिकाच्या ताब्यात गेलेला त्याचा स्वतःचाच हात खाणावळीत मारामारी सुरू करतो. तो प्रसंग मी सलग पाच वेळा पाहिला. एका शरीरात दोन माणसं आहेत, आणि मारणारा नि खाणारा दोन्ही तोच.

पण 'द प्रॉडिगल सन' (1981) पाहिल्यावर सगळं बदललं. फोशानमधल्या श्रीमंत घरातला लाडका मुलगा, युएन बियाओ, स्वतःला अजिंक्य समजतो, कारण घरचे लोक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना गुपचूप पैसे चारून हरवत असतात. यावर भरपूर हसून होतं. मग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारा लाम चिंग-यिंग (भुवया काढलेला, दम्याने बेजार) त्याला दोन मिनिटांत जागा दाखवतो. सिनेमा पुढे सरकतो आणि दुसरा एक श्रीमंत वारस येतो. त्यालाही घरच्यांनी असंच जपलेलं आहे. फक्त त्याचे रक्षक लाच देत बसत नाहीत. मालकाला भारी पडेल असा कुणी उरू नये म्हणून ते रात्री अख्खी नाटकमंडळी कापून काढतात. ज्या गोष्टीवर आपण हसलो, तीच गोष्ट इथे माणसं मारते. मला त्या रात्री झोप लागली नाही. सॅमो स्वतः पडद्यावर येतो तो बऱ्याच उशिरा, लाम चिंग-यिंगचा आडदांड गुरुबंधू म्हणून, आणि तोवर त्याने दिग्दर्शक म्हणून आपल्याला पुरतं पकडलेलं असतं. विंग चुन या कुंग-फू शैलीतली जवळून होणारी हातघाई यापेक्षा स्वच्छ कुणी चित्रित केली असेल असं मला वाटत नाही.

'पेडिकॅब ड्रायव्हर' (1989) मध्ये तेच, आणखी निर्दयपणे. मकावमधल्या सायकलरिक्षावाल्यांची धमाल, प्रेमप्रकरणं, लग्न, आणि लग्नाच्याच रात्री रक्त. मध्येच जुगारअड्ड्यावर लाऊ कार-लेउंग या कुंग-फू सिनेमांच्या जुन्या दिग्दर्शक-नटाबरोबर काठ्यांची जुगलबंदी आहे. ती मात्र निखळ आनंदाची. दोन उस्ताद एकमेकांना मान देत लढतात आणि जिंकणारा हरणाऱ्याला सन्मानाने जाऊ देतो.

'व्हील्स ऑन मील्स' (1984) बद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. बार्सिलोनातला किल्ला, अमेरिकन किकबॉक्सर बेनी उर्किडेझची लाथ, आणि तिच्या वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या. आवाज बंद करून पाहा, लाथेचा जोर तरीही जाणवतो. 'ईस्टर्न कॉन्डर्स' (1987) साठी सॅमोने वजन उतरवलं. कसरत छान आहे, पण मला तो तिथे परका वाटला.

एका जुन्या डीव्हीडीने फार त्रास दिला. इंग्रजी डबिंग असं होतं की गंभीर प्रसंगातही आवाज हसरेच. शक्य असेल तर कँटोनीज आवाज आणि सबटायटल्सच घ्या.

या टप्प्याचा शेवट मी मुद्दाम 'पेंटेड फेसेस' (1988) ने केला. अॅलेक्स लॉच्या या सिनेमात सॅमो आपल्याच गुरूची, यू जिम-युएन यांची भूमिका करतो. त्यासाठी त्याला हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. एके काळी ज्याच्या पाठीवर छडी पडली, त्याच्याच हातात आता ती छडी आहे. वहीत मारामारीच्या रकान्यात या सिनेमासमोर काही लिहिलं नाही. हातांवर उभी राहिलेली मुलं आणि त्यांच्याकडे बघणारा सॅमोचा चेहरा, एवढंच टिपलं.

पुढच्या नोंदीत नव्वदीचं दशक, मग थेट 2005चा 'एसपीएल', जिथे तो डॉनी येनसमोर खलनायक म्हणून उभा राहतो. 'द आयर्न-फिस्टेड मंक' (1977) ची चांगली प्रत कुणाकडे असेल तर कळवा, माझ्याकडच्या प्रतीत चित्राच्या कडा कापलेल्या आहेत आणि मार खाणारा अर्धा वेळ चौकटीबाहेरच पडतो.