पाण्याच्या कारंज्यांपासून युद्धकैद्यांच्या छावणीपर्यंत: मेसियांच्या एका धुनेचा मागोवा

गाजलेल्या रचनांच्या जन्मकथा तपासत त्या रचना पुन्हा ऐकण्याचा जो उपक्रम मी चालवला आहे, त्याचा हा टप्पा फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियां यांच्या ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ या चार वाद्यांच्या रचनेवर बराच रेंगाळला, आणि तो रेंगाळावा असेच त्यात सापडले.

मूळ हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात मेसियां गर्लिट्सजवळच्या जर्मन युद्धकैदी छावणीत कैदी होते आणि तेथेच 15 जानेवारी 1941 रोजी या रचनेचा पहिला प्रयोग झाला. क्लॅरिनेटवर आंरी आकोका, व्हायोलिनवर जाँ ल बुलेर, चेलोवर एतिएन पास्किए आणि पियानोवर स्वतः मेसियां होते. श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियां पुढे सांगत. मात्र चेलोला चारही तारा होत्या, हे खुद्द पास्किए यांनी आवर्जून नोंदवले आहे आणि प्रयोगाच्या बराकीत काही शेच माणसे मावत होती. या दंतकथेत मला फारसे स्वारस्य उरलेले नाही, कारण तिच्या आड दडलेली दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याला कितीतरी अधिक देते.

चेलो आणि पियानोसाठी असलेला पाचवा भाग छावणीत सुचलेला नाही. त्याची धून मेसियांनी 1937 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी लिहिलेल्या ‘फेत दे बेल झो’ या रचनेतून घेतली आहे. सीन नदीवरच्या कारंज्यांच्या आणि रोषणाईच्या सोहळ्यासाठी लिहिलेली ही रचना सहा ओंद मार्तनो वाद्यांची, म्हणजे पूर्णपणे विद्युत्-वाद्यांची आहे. या वाद्याचे जनक मोरिस मार्तनो स्वतः चेलोवादक होते. उजव्या हाताच्या बोटातली अंगठी तारेवरून सरकवून मींड काढायची आणि डाव्या हाताने एक कळ दाबत आवाजाचा चढउतार सांभाळायचा, अशी त्याची रीत. ती कळ दाबली नाही तर सूर उमटतच नाही.

ही रीत हाताला कळावी म्हणून मी त्या धुनेचा सुरुवातीचा भाग संगणकावरच्या सिंथेसायझरवर उतरवला. ध्वनी अगदी साधा ठेवला, सूर एकमेकांत सरकतील अशी योजना केली आणि आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी डाव्या हाताकडे दिली. पहिल्याच लांब सुराला फरक जाणवला: येथे श्वास संपत नाही, गजही संपत नाही, सूर हवा तितका वेळ धरता येतो आणि त्याची आस केवळ हाताच्या दाबावर अवलंबून राहते. चेलोवादकाला मात्र इतक्या विलंबित लयीत कुठेतरी गज फिरवावाच लागतो. त्यानंतर पास्किए यांच्यापुढे ठेवलेले काम किती अवघड होते, हे नेमके उमगते. न थकणाऱ्या वाद्यासाठी रचलेली धून माणसाच्या हाताने तितकीच अखंड भासवायची होती.

पियानोच्या साथीवरही थोडा प्रयोग केला. मेसियांनी मिनिटाला साधारण 44 आघातांची गती दिली आहे आणि त्या गतीने पियानोचे स्वरसमूह पुन्हा पुन्हा येत राहतात. साथीला मी आधी सलग धरलेले स्वरसमूह ठेवले, तेव्हा धून त्यांत विरघळून गेली. पियानोचे आघात आणताच प्रत्येक स्वरसमूह उमटून मावळू लागला आणि त्या मावळण्यावर चेलोचा सूर स्पष्ट उभा राहिला. आहे त्या वाद्यांतून साधलेला हा उपाय मला धुनेइतकाच थोर वाटतो.

या भागात अनेकांना बंदिवासाची वेदना ऐकू येते. ती ऐकणे चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण ती वेदना सुरांत लिहिलेली नसून त्यांच्या नव्या जागेतून येते, असे माझे मत आता पक्के झाले आहे. उत्सवासाठी लिहिलेली धून त्या हिवाळ्यात निवडावीशी वाटणे, हीच मला खरी जन्मकथा वाटते.

ओंद मार्तनोवादक जान लोरिओ यांच्या संचाचे ‘फेत दे बेल झो’चे ध्वनिमुद्रण सर्वांनी जरूर ऐकावे आणि लगेच पाचवा भाग लावावा. पुढच्या टप्प्यात आठवा भाग घेतो आहे. तो 1930 च्या ‘दिप्तिक’ या ऑर्गन रचनेच्या उत्तरार्धातून आला आहे, आणि सी मेजरमधून ई मेजरमध्ये नेल्याने व्हायोलिनच्या वरच्या सप्तकात काय बदलते, हे पट्टी बदलून आलटून पालटून ऐकणार आहे.