मंगळवार पेठेतल्या काकींचा कॉम्प्युटर

जोतिबाची चैत्री यात्रा उरकली की कोल्हापुरात लग्नसराई अंगावर येते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात ते फोटो स्टुडिओवाल्यांचे आणि पत्रिका करणाऱ्यांचे. 2017 चा मे महिना होता. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये मी बिलाच्या प्रिंटरशी झटत होतो, तेवढ्यात मंगळवार पेठेतल्या काकींचा फोन आला.

"दादा, माझं सगळं गेलं. अकरा वर्षांचं काम गेलं."

या काकी घरी बसून डीटीपी करतात. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर विंडोज सेव्हनचा जुना कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेराव्याचे कागद, गल्लीतल्या तालमीची वर्गणीची पावतीपुस्तकं, सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये. मिस्टर गेल्यावर त्या टायपिंग शिकल्या आणि दोन मुलींची शिक्षणं याच टेबलावर झाली. कॉम्प्युटर घरातलाच, त्यावर पुतण्या अभ्यासही करतो आणि गेमही खेळतो. पण घर त्याच्यावर चालतं.

"कुणाला दाखवलं का?" मी विचारलं.

"एका दुकानात फोन केला. ते म्हणाले फॉरमॅट मारायला लागेल, डेटाची गॅरंटी नाही. दुपारी मुलगा पाठवतो म्हणाले."

मी म्हटलं, "काकी, त्या मुलाला येऊ नका म्हणून सांगा. कॉम्प्युटर चालू असेल तर तसाच राहू दे. कशालाही हात लावू नका. मी निघालोच."

फॉरमॅट हा शब्द मला आजही टोचतो. नवीन मशीन बसवताना किंवा डिस्क खरोखर साफ करायची असताना फॉरमॅट ठीकच आहे. पण स्क्रीनही न बघता फोनवरच फॉरमॅट सांगणं म्हणजे पेशंटची नाडी न बघता पाय कापायचा सल्ला देणं. काकींच्या मशीनला तर फॉरमॅटमध्ये आणखी एक धोका होता. त्यांच्या पत्रिका जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसला तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे फाइली वाचल्या असत्या तरी त्या काकींना वाचता आल्या नसत्या.

मिरजकर तिकटीवरून आत वळलो. दार उघडंच होतं. पुतण्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, नववी-दहावीतला पोरगा, रडून डोळे लाल झालेले. काकी खुर्चीत बसल्या होत्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत होत्या.

डेस्कटॉपवर तीसेक आयकॉन होते आणि सगळेच्या सगळे लाल. पेजमेकर, ब्राउझर, स्कॅनरचा प्रोग्राम, मराठी टायपिंगचा प्रोग्राम, सगळ्यांवर पीडीएफ उघडणाऱ्या रीडरचं एकच लाल चित्र. मी पेजमेकरवर डबल क्लिक केलं. रीडर उघडला आणि चौकट आली. तिच्यातल्या इंग्रजीचा मतलब असा, की ही फाइल उघडता येत नाही. एकतर हा प्रकार आम्हाला चालत नाही किंवा फाइल डॅमेज झालेली आहे.

त्या 'डॅमेज' शब्दानंच काकींचा धीर सुटला होता. त्यांनी सकाळपासून एकेका आयकॉनवर क्लिक केलं होतं आणि तीस वेळा त्यांना सांगितलं गेलं होतं, की खराब झालंय. स्टार्ट मेनूत गेलं तरी तेच. खालच्या पट्टीवरून उघडलं तरी तेच. आता कुणालाही वाटणारच, की आतलं सगळं जळालं.

मी मात्र त्या चौकटीतलं नाव बघत होतो. पेजमेकर, आणि त्याच्यापुढे टिंब देऊन तीन अक्षरं: एल, एन, के. उत्तर तिथंच होतं.

काकींना मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाइलला एक आडनाव असतं, टिंबानंतरचं, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. पीडीएफ आडनाव असलं की रीडरकडे जायचं, पीएमडी असलं की पेजमेकरकडे. कुठलं आडनाव कुणाकडे पाठवायचं याची वही विंडोज ठेवतं, तिला रजिस्ट्री म्हणतात. डेस्कटॉपवर दिसतात ते आयकॉन म्हणजे प्रोग्राम नव्हेत. त्या नुसत्या पाट्या आहेत, तिकटीवर लावलेल्या. पाटी सांगते, पेजमेकरचं घर त्या गल्लीत आहे. या पाट्यांचं आडनाव एलएनके. एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू केली तरी विंडोज हे आडनाव दाखवत नाही, मुद्दाम झाकून ठेवतं. म्हणून हा आजार पटकन ओळखू येत नाही. काकींच्या वहीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की एलएनके आडनावाचं जे काही येईल ते रीडरकडे पाठवा. मग पेजमेकरची पाटी रीडरकडे, स्कॅनरची पाटी रीडरकडे. रीडरला पाट्या कळत नाहीत, तो म्हणणारच की ही फाइल खराब आहे. स्टार्ट मेनूतही पाट्याच आणि खालच्या पट्टीवरही पाट्याच, म्हणून सगळीकडे तेच रडगाणं.

"म्हणजे घरं आहेत?" काकींनी विचारलं.

"आहेत. दाखवतो."

दुरुस्तीला हात लावायच्या आधी मला त्यांना ते दाखवायचं होतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि ई दाबलं. फोल्डरांची खिडकी उघडली, तिला पाटी लागत नाही. डी ड्राइव्ह, मग पत्रिका, मग 2017, मग मे. फाइलींची रांग लागली, सगळ्या आपापल्या मूळ चित्रासकट, लाल एकही नाही. वरच्याच फाइलीवर डबल क्लिक केलं. पीएमडी आडनावाची नोंद शाबूत होती. पेजमेकर उघडला आणि पान आलं. वर श्री अंबाबाई प्रसन्न, मधे गणपती, दोन्ही बाजूंना कलश, खाली मुहूर्त.

काकी काही बोलल्या नाहीत. उठून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या आणि मुहूर्ताची ओळ बोट लावून वाचली. मग पदरानं चष्मा पुसला आणि परत वाचली. अकरा वर्षं त्यांनी आधी पेजमेकरच्या आयकॉनवर क्लिक करायचं आणि मग आतून फाइल उघडायची, असंच काम केलं होतं. फाइलीवर थेट क्लिक करून ती उघडते हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. सकाळीच ते ठाऊक असतं तर त्यांचा अर्धा दिवस असा गेला नसता.

पुतण्याला जवळ बोलावलं. रागवायचं नाही असं काकींकडून आधी कबूल करून घेतलं, कारण खरं कळल्याशिवाय मला पुढं जाता येत नव्हतं. तो हळूहळू बोलला. सकाळी एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देऊन गेलं होतं, त्यात पत्रिकेचा मजकूर आणि नवरा-नवरीच्या आजोबांची नावं. पेनड्राइव्ह लावला तर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट. क्लिक केलं की स्क्रिप्ट सापडत नाही असा मेसेज. काकी देवळात गेल्या होत्या, म्हटलं आपणच उघडून ठेवू. मग त्यानं काय काय दाबलं ते त्यालाही क्रमानं सांगता येईना. 'कशानं उघडू' अशी यादी आली, त्यातला रीडर निवडला एवढं त्याला आठवत होतं. त्या यादीखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, 'या प्रकारची फाइल नेहमी याच प्रोग्रामनं उघडा'. तिच्यापुढची खूण तशीच राहिली होती. सगळं त्या एका खुणेनं झालं होतं. पोराचा त्यात दोष नव्हता. त्याला काकींना मदत करायची होती.

आता दुरुस्ती. विंडोजचं बटण आणि आर दाबून रन ची चौकट उघडली आणि रेगएडिट टाइप केलं, रजिस्ट्रीची वही उघडणारा प्रोग्राम तो. थेट नाव घेऊन हाक मारली की पाटीची गरज लागत नाही. इथं नशीब एवढं, की बिघाड एलएनके चा होता, ईएक्सई चा नव्हता. ईएक्सई हे खुद्द प्रोग्रामांचं आडनाव, ते बिघडलं की रेगएडिटसुद्धा उघडत नाही, आणि ज्या हत्यारानं दुरुस्त करायचं तेच कुलपात अडकतं. खोट्या अँटीव्हायरसांची साथ आली होती तेव्हा अशी मशीनं मी खूप बघितली. व्हायरस काढला तरी ईएक्सई ची नोंद त्यानं वाकडी करून ठेवलेली असायची. तेव्हा रेगएडिटची प्रत काढून तिचं आडनाव ईएक्सई चं कॉम करायचो, की ती उघडायची. कॉम हेही प्रोग्रामांचंच आडनाव, पण त्याची नोंद वहीत वेगळी असते, तिला धक्का लागलेला नसायचा.

काकींच्या मशीनवर करंट युझरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स असं एकेक दार उघडत खाली गेलो. तिथं आडनावांची लांबलचक यादी असते. त्यात टिंब एलएनके सापडलं, त्याच्या पोटात युझरचॉइस नावाची एक चावी (रजिस्ट्रीतल्या कप्प्याला चावी म्हणतात), आणि उजवीकडे रीडरचं नाव. पुतण्याला म्हटलं, बघ, हेच ते. तो वाकून बघत राहिला.

काहीही पुसण्याआधी मी त्या भागाची प्रत काढून डी ड्राइव्हवर ठेवतो. रजिस्ट्रीत अनडू नसतं. ही सवय मला एका जुन्या चुकीनं लागली आहे आणि आता घाई असली तरी सुटत नाही. प्रत काढली. मग फक्त युझरचॉइस ही चावी डिलीट केली, आजूबाजूला बोटही लावलं नाही. एलएनके ची मूळ नोंद सगळ्या मशीनच्या वहीत आधीपासून लिहिलेली असतेच. युझरची ही नोंद तिच्यावर चिकटवलेल्या कागदासारखी असते. कागद काढला की खालचं आपोआप वाचता येतं. (विंडोज आठपासून या चावीवर एक हॅश, म्हणजे विंडोजनंच मोजून ठेवलेली खूण, असतो, त्यामुळे तिथं हातानं नवीन नाव लिहून भागत नाही, सेटिंगमधूनच बदलावं लागतं.)

लॉग ऑफ करून परत आत आलो. आयकॉन लालच होते. काकींचा चेहरा परत उतरला.

मी पेजमेकरवर क्लिक केलं आणि पेजमेकर उघडला. वाट सुधारली होती, नुसतं चित्र जुनं राहिलं होतं. विंडोज आयकॉनांची चित्रं एका लपलेल्या फाइलीत साठवून ठेवतं, आयकॉनकॅश. ती पुसायची तर आधी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि खालची पट्टी दाखवणारा प्रोग्राम, बंद करावा लागतो, नाहीतर तो बाहेर पडताना जुनी चित्रं परत लिहून ठेवतो. एक्सप्लोरर बंद केला तसा डेस्कटॉप, पट्टी, सगळं नाहीसं झालं. काकींनी माझा दंड धरला. "थांबा काकी, आहे सगळं," म्हटलं. टास्क मॅनेजरमधूनच कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली, फाइल पुसली, एक्सप्लोरर परत चालू केला. एकेक करून आयकॉन आपापल्या रंगात यायला लागले. स्कॅनर आला, ब्राउझर आला, पेजमेकर आला.

"आलं गं बाई," एवढंच म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या.

पेनड्राइव्ह राहिला होता. आधी तो तपासून घेतला. मूळ विषाणू अँटीव्हायरसनं सकाळीच उडवला होता. त्याचे शॉर्टकट तेवढे मागे राहिले होते, म्हणून ते कुठंच नेत नव्हते. अशा विषाणूत खरे फोल्डर पुसले जात नाहीत. त्यांना लपवून सिस्टिम फाइल असल्याचा शिक्का मारला जातो, म्हणून लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं तरी ते दिसत नाहीत. काळ्या खिडकीत ॲट्रिब ही कमांड दिली, हिडन आणि सिस्टिम दोन्ही शिक्के काढले. पुतण्यालाच एंटर दाबायला लावलं. मजकुराचा फोल्डर जसाच्या तसा समोर आला. दोन्ही आजोबांची नावं, गावं, एकाच्या नावापुढे 'कै.', सगळं नीट. मजकुराची प्रत काढून शॉर्टकट पुसून टाकले आणि गिऱ्हाइकाला त्यांच्या घरचा कॉम्प्युटरही बघून घ्यायला सांगा, असं काकींना बजावलं. मूळ तिकडेच असणार.

चहा पिता पिता काकींनी हिशेबाची वही काढली आणि शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं: विंडोज आणि ई, डी, पत्रिका. पुतण्यासाठी मी त्याचं वेगळं खातं काढलं, साध्या हक्कांचं. युझरचॉइसची नोंद ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते, त्याच्या खात्यात काही वाकडं झालं तरी काकींचं काम अडायचं नाही. आणि काकींच्या सगळ्या पत्रिका, फॉन्टच्या फाइलींसकट, माझ्याजवळच्या हार्ड डिस्कवर घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची डिस्क आणली, मग माझ्याकडची प्रत पुसून टाकली.

मी पैसे नको म्हणत होतो. काकींनी ऐकलं नाही. "मी माझ्या गिऱ्हाइकाकडून घेतेच की, तुम्ही का नाही?" तीनशे रुपये वहीत लिहिले, मग हातात दिले.

त्यांना पाचच्या आत लक्ष्मीपुरीतल्या प्रेसला ट्रेसिंग द्यायचं होतं. मी बॅग भरेपर्यंत मजकूर पानात बसवून झाला होता. काकी स्क्रीनवरून मोठ्यानं वाचत होत्या, आणि पुतण्या हातातल्या कागदावर एकेक नाव बोटानं ताडून बघत "हो काकी, बरोबर" म्हणत होता. मुहूर्त दोनदा वाचला. प्रिंटर घरघरला, ट्रेसिंग पेपर सावकाश बाहेर आला. काकींनी तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला, दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवला आणि पोराच्या हातात दिला. त्यानं चपला घातल्या, पुठ्ठे छातीशी धरले आणि जिना उतरून सायकल काढली.