रॉकी माउंटेनियर आणि अलास्काची क्रूझ एकाच सुट्टीत: आमचं कसं जमलं

कॅनडातल्या बँफहून व्हँकूव्हरला येणारी रॉकी माउंटेनियर ही पर्यटकांची रेल्वेगाडी आणि व्हँकूव्हरहून अलास्काला जाणारं जहाज. दोन्हींची माहिती एकत्र वाचली की वाटतं, एकातून उतरायचं आणि दुसऱ्यात चढायचं. पण कंपन्या वेगळ्या, तिकिटं वेगळी, आणि गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. बुकिंग पटकन होतं. खरा विचार करावा लागतो तो मधल्या रात्रींचा. आई-बाबांना घेऊन जायचं ठरल्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, आणि तो सत्कारणी लागला.

गाडी एप्रिल ते ऑक्टोबर धावते, क्रूझचा हंगामही साधारण तोच. मात्र गाडी रोज सुटत नाही आणि जहाजाचा वारही ठरलेला असतो. मी आधी जहाज पक्कं केलं, कारण मला ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातलं हिमनद्यांच्या खाडीचं राष्ट्रीय उद्यान, बघायचंच होतं. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात, त्यामुळे अलास्काला जाणारं प्रत्येक जहाज तिथे जातंच असं नाही. जहाजाची तारीख मिळाल्यावर उलटं मोजत आले: व्हँकूव्हरला दोन रात्री, त्याआधी गाडीचे दोन दिवस, त्याआधी बँफ, आणि सुरुवातीला ताईकडे कॅल्गरीला मुक्काम.

पुण्यातल्या एका एजन्सीनं दिलेल्या पॅकेजमध्ये रात्री कॅल्गरीला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी बँफहून गाडी धरायची होती. कॅल्गरी ते बँफ रस्त्यानं दीड तास, गाडी सुटते सकाळी लवकर, आणि भारतातून येणारं विमान मध्ये कुठेतरी बदलावं लागतं. एक विमान चुकलं की गाडी गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना असं पळवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं आणि सगळं स्वतः जुळवलं. गाडी आधी, जहाज नंतर, हा क्रमही त्यांच्यासाठीच. दमणूक सुरुवातीला होते, आणि जहाजावर एकदा बॅग उघडली की सात रात्री बांधाबांध नाही.

आता व्हिसा. अलास्का म्हणजे अमेरिका, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसे लागतात. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला कितीही वेळ लागू शकतो, म्हणून सुरुवात तिथून केली. कॅनडाचा अर्ज ऑनलाइन असतो आणि पासपोर्ट मंजुरी आल्यावरच द्यावा लागतो, त्यामुळे दोन्हींची कामं बरीचशी बरोबरीनं चालू ठेवता आली. कॅनडाच्या अर्जाला गाडीचं आणि जहाजाचं बुकिंग, तारखांचा तक्ता आणि ताईचं आमंत्रणपत्र जोडलं. बोटांचे ठसे एकदा दिले की ते दहा वर्षं चालतात.

जहाज व्हँकूव्हरहूनच का, असं बाबांनी विचारलं होतं. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी पोचवता येत नाहीत. म्हणून सिॲटलहून सुटणारी अशी जहाजंही वाटेत कॅनडातल्या एखाद्या बंदराला, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, लागून येतात. व्हँकूव्हरहून निघालं की ही अडचण उरत नाही.

विम्याबद्दल एवढंच सांगते की पॉलिसीत क्रूझ आहे का, हे शब्द न् शब्द वाचून बघा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं होतं, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरनं हलवायची वेळ आली तर खर्च झेपणारा नसतो. बाबांचं ब्लडप्रेशर आम्ही अर्जात आधीच लिहिलं होतं. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घ्यायला विसरू नका.

गाडीत दोन वर्ग आहेत. गोल्डलीफचा डबा दुमजली, वर काचेचं छत आणि खाली जेवणाची जागा. सिल्व्हरलीफ एकमजली, जेवण जागेवरच येतं. आईचे गुडघे बघून मी सिल्व्हरलीफ घेतलं. गोल्डलीफमध्ये लिफ्टची सोय असते, पण दर जेवणाला वर-खाली करायचं तिच्या जिवावर आलं असतं. सिल्व्हरलीफच्या खिडक्याही छतापर्यंत वळलेल्या आहेत, डोंगरांचे माथे बसल्या जागी दिसतात. मोठ्या बॅगा गाडीत ठेवायला जागा नसते, त्या ट्रकनं परस्पर हॉटेलवर जातात. म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. शाकाहारी जेवणाचं बुकिंग करतानाच लिहून दिलं होतं.

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, कर्जत-लोणावळा घाटात त्यांची हयात गेली. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर; मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. आमच्या वाटेवरच्या किकिंग हॉर्स खिंडीतून फील्ड गावाकडे उतरणारा मूळचा मार्ग २२ ला १ होता, हे ऐकून ते जागेवरून उठलेच. तो उतार इतका घातक होता की १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे खणून वाट लांबवली आणि चढ ४५ ला १ वर आणला. बोगद्यात शिरताना दरी एका हाताला होती, बाहेर आलो तेव्हा दुसऱ्या हाताला. दोन डब्यांच्या मध्ये उघड्या खिडक्यांची उभं राहायची जागा असते, तिथून बाबा हललेच नाहीत. साइडिंगला आमची गाडी थांबली आणि शेजारून मालगाडी जाऊ लागली. तिच्या मधोमध जोडलेलं इंजिन बिनमाणसाचं होतं, पुढच्या ड्रायव्हरच्या हातून रेडिओवर चालणारं. बाबांनी खिडकीच्या कडेला धरून ते नजरेआड होईपर्यंत बघितलं.

गाडी दिवसाच धावते, रात्री कॅम्लूप्सला हॉटेलात मुक्काम. दुसऱ्या दिवशी थॉम्सन नदी लिटनजवळ फ्रेझरला मिळते आणि दरी अरुंद होत जाते. हेल्स गेटपाशी सगळी फ्रेझर जेमतेम ३५ मीटरच्या फटीतून घुसते. दोन काठांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ आहेत आणि दोघींनी समजुतीनं एका काठावर अप, दुसऱ्यावर डाऊन अशी वाटणी केली आहे. रूळ मालगाड्या चालवणाऱ्या कंपन्यांचे, म्हणून पोचण्याची वेळ ढोबळच धरायची असते. उन्हाळ्यात वणवे आणि दरडीही असतात. आम्ही उजेडात पोचलो, तरी त्या दोन रात्री हातात होत्या म्हणून दोन्ही दिवस मन निवांत होतं.

जहाज कॅनडा प्लेसवरून सुटतं, पांढऱ्या शिडांचं छप्पर असलेल्या धक्क्यावरून. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, जहाजावर चढण्याआधी होतं. एकाच दिवशी दोन-तीन जहाजं असली की रांग फार लांबते. आई-बाबांसाठी व्हीलचेअर आधीच कळवून ठेवली होती, ती मिळाली आणि उभं राहणं टळलं. जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी वरण-भात, भाजी मिळायची. आईच्या एकादशीला त्यांनी उकडलेले बटाटे, फळं आणि दही आणून ठेवलं.

ग्लेशियर बेमध्ये उद्यानाचे रेंजर लहान बोटीनं येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १९१६ पर्यंत ती भिंत शंभरेक किलोमीटर मागे हटली होती. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं. बर्फाचा मोठा तुकडा सुटताना आधी दिसला, पाण्यात पडला, आणि मग आवाज आला. आईनं हात जोडले.

अलास्कातल्या स्कॅगवे बंदराला व्हाइट पासची छोटी रेल्वेगाडी जरूर घ्या. सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली होती त्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली, तीन फुटी रुळांची. माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फुटी, हे बाबांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं. तिचं तिकीट जहाजाच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही. घड्याळाकडेही लक्ष असू द्या. कॅल्गरी-बँफ ज्या प्रांतात आहेत त्या अल्बर्टातून निघाल्यावर एक तास मागे, अलास्कात आणखी एक तास मागे. धक्क्यावर उतरताना जहाजाची वेळ पक्की विचारून घ्यावी.

परत व्हँकूव्हरला जहाज सकाळी लागतं, पण बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत बराच वेळ जातो. घरचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.